पुन्हा विचारणारं कुणीतरी

मधल्या सुट्टीची घंटा झाली की अर्ध्या तासासाठी शाळेचा ताबा मुलांकडे जातो. शिक्षक स्टाफरूममध्ये डबे उघडतात, आणि पाचसहाशे मुलं एका मैदानात, चार नळांवर आणि दोन स्वच्छतागृहांत पांगतात. याच वेळेत सहावीतल्या एखाद्या मुलाचा डबा त्याच्या हातून ओढला जातो. ओढणारा एकटाच असतो. पण डबा उंच धरून तो दाखवतो समोरच्या पाचसहा जणांना. त्यांतले दोघं फिदीफिदी हसतात, एकजण ‘बघू रे, आज काय आणलंय’ म्हणत झाकण उघडतो, बाकीचे नुसते बघत राहतात, आणि बाजूने जाणाऱ्या दहाबारा जणांना काय चाललंय ते न थांबताही कळतं. घंटा होते. वर्गावर आलेल्या बाईंना एवढंच दिसतं की हा मुलगा आजही वही काढायला वेळ लावतोय. ओरडा त्यालाच बसतो.

याला भांडण म्हणता येत नाही. भांडणात दोघांचं बळ साधारण सारखं असतं आणि ते कधीतरी मिटतं. स्वीडनमध्ये जन्मलेले आणि नॉर्वेतल्या बर्गनमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ डान ओलवेउस यांनी १९७० च्या दशकापासून या छळाचा अभ्यास केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर धरल्या जातात: तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हापुन्हा होतो, आणि सोसणाऱ्याला त्यातून स्वतःच्या बळावर सुटता येत नाही. समोरच्याचं बळ दरवेळी दंडातच असतं असंही नाही. काळा रंग, वजन, अडखळणारी जीभ, बोलण्यातला गावाकडचा हेल, आईवडिलांचं काम, जात, यांपैकी काहीही हाताशी धरलं जातं. मुलींमध्ये तर पुष्कळदा कुणी बोटही लावत नाही. हिच्याशी आजपासून कुणी बोलायचं नाही एवढंच ठरतं आणि महिनोन्‌महिने कसोशीने पाळलं जातं. युनेस्कोने २०१९ मध्ये अनेक देशांची आकडेवारी एकत्र करून सांगितलं की गेल्या महिन्याभरात एकदा तरी सोबत्यांकडून असा त्रास झालेली मुलं जगात जवळजवळ तीनांत एक आहेत.

यावर उपाय शोधताना आपण नेहमी दोनच मुलांकडे बघतो. त्रास देणाऱ्याला सरळ करायचं आणि सोसणाऱ्याला धीट करायचं. गेल्या चाळीस वर्षांत निरनिराळ्या देशांत जे करून पाहिलं गेलं आणि ज्याची नीट मोजदाद झाली, ते वाचत गेलं की या दोन्ही गोष्टींचा प्रभाव आपण समजतो त्याहून फार कमी असल्याचं दिसतं. छळ थांबतो तो बघणाऱ्यांचं हसू आटल्यावर, आणि हे प्रकरण आपलं आहे असं मानून, ते मिटेपर्यंत त्याची पुन्हापुन्हा विचारपूस करणारं मोठं माणूस शाळेत असल्यावर. यांतली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि आपल्या शाळांत नेमकी तीच नाही.

दहा सेकंद

डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग या कॅनडातल्या दोन संशोधकांनी टोरांटोमधल्या शाळांच्या मैदानांवर एक साधा उद्योग केला. मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन लावले, लांबवर कॅमेरा ठेवला आणि सुट्टी जशी चालते तशी चालू दिली. प्रश्नावल्या भरून घेताना मुलं काय सांगतात आणि काय लपवतात याचा भरवसा नसतो. इथे प्रत्यक्ष प्रसंगच ध्वनिचित्रमुद्रित झाले. त्या चित्रीकरणावरून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की छळाच्या १०० प्रसंगांपैकी ८८ प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं हजर होती. मध्ये पडली ती फक्त १९ प्रसंगांत. पण मुलं मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, नेमकं सांगायचं तर ५७ टक्के वेळा, तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. याच चित्रीकरणाच्या आधीच्या अभ्यासात शिक्षकांनी मैदानावर हस्तक्षेप केल्याचं १०० पैकी जेमतेम ४ प्रसंगांत आढळलं होतं. याचा दोष शिक्षकांच्या माथी मारणं बरोबर नाही. हे प्रकार मुळात त्यांची पाठ वळल्यावरच होतात, आणि लांबून बघणाऱ्याला ते मस्करीसारखेच दिसतात.

बघणारी मुलं सगळी एका माळेचे मणी नसतात. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वर्गातल्या मुलांच्या भूमिका वेगवेगळ्या करून दाखवल्या. पुढाकार घेणारा एक, त्याला हात देणारे दोनचार, हसून किंवा गोल करून उभं राहून चेव आणणारे काही, बाजूला सरणारे बरेच, आणि सोसणाऱ्याची बाजू घेणारे थोडे. पुढच्या अभ्यासात त्यांना एक फार कामाची गोष्ट सापडली. वर्गात छळ किती होतो याचा संबंध बाजू घेणाऱ्या धीट मुलांच्या संख्येपेक्षा चेव आणणाऱ्यांच्या संख्येशी जास्त घट्ट होता. म्हणजे मुलांकडून शौर्याची अपेक्षा करण्याची गरज नाही. बारा वर्षांच्या मुलाला ‘दादा असलेल्या मुलासमोर उभा राहा’ असं सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण दुसऱ्या दिवशी डबा त्याचाच जाऊ शकतो. त्याला ‘हसू नकोस, तिथे उभा राहू नकोस, नंतर जाऊन त्याच्या शेजारी बस’ असं सांगता येतं. हे बहुतेक मुलांना झेपतं.

कारण डबा ओढणाऱ्याला डब्यातली भाजी नकोच असते. त्याला वर्गातलं आपलं स्थान वाढवायचं असतं, आणि हे स्थान ठरवतात बघणारे. गाणाऱ्याला दाद मिळाली नाही तर मैफल जशी रंगत नाही, तसाच हा खेळही समोरून हसू आलं नाही की बसतो. त्रास देणारी मुलं न्यूनगंडाने पछाडलेली, एकटी, घरी मार खाणारीच असतात अशी एक लोकप्रिय समजूत आहे. तशीही काही असतात. पण संशोधनात पुन्हापुन्हा असंही दिसलं आहे की वर्गात वजन असलेली, इतरांच्या मनातलं चांगलं ओळखणारी, शिक्षकांशी गोड वागणारी मुलंही यात पुढे असतात. अशा मुलाला समुपदेशनाच्या खोलीत बसवून आत्मविश्वासाचे धडे दिल्याने काय साधणार?

पुस्तिका एकच, निकाल दोन

१९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेमधल्या तीन मुलांनी आत्महत्या केली. सोबत्यांनी केलेला छळ हे त्यामागचं कारण असावं असं समोर आलं तेव्हा देश हादरला, आणि १९८३ मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयाने देशभर मोहीम काढली. शिक्षकांसाठी पुस्तिका, पालकांसाठी पत्रक, वर्गात दाखवायला चित्रफीत, मुलांसाठी निनावी प्रश्नावली, असं सगळं साहित्य शाळाशाळांत गेलं. या मोहिमेचं मूल्यमापन दोन ठिकाणी झालं आणि दोन ठिकाणचे निकाल एकमेकांच्या उलट आले. शालेय छळावरच्या सगळ्या संशोधनात मला हा भाग सर्वांत जास्त शिकवणारा वाटतो.

बर्गनमधल्या ४२ शाळांतल्या सुमारे २,५०० मुलांवर ओलवेउस लक्ष ठेवून होते. तिथे दोन वर्षांत त्रासाच्या तक्रारी निम्म्यावर, काही बाबतींत त्याहूनही खाली आल्या. दक्षिणेला लागूनच असलेल्या रोगालँड प्रांतातही तीच पुस्तिका, तीच चित्रफीत गेली होती. एर्लिंग रोलान यांनी तीन वर्षांनी तिथे जाऊन पाहिलं तर छळ कमी झालेला नव्हता. मुलग्यांमध्ये तर किंचित वाढला होता. फरक होता तो पुस्तिका पोचल्यानंतरच्या दिवसांत. बर्गनमध्ये संशोधक शाळांच्या संपर्कात राहिले, प्रत्येक शाळेला तिच्याच मुलांच्या उत्तरांचा गोषवारा दाखवत राहिले. आपल्या शाळेतल्या किती मुलांना नळावर जायची भीती वाटते, हे मुख्याध्यापकांसमोर कागदावर आलं आणि नंतर पुन्हा विचारलं जाणार हे त्यांना माहीत होतं. रोगालँडमध्ये गठ्ठा आला, वाटला गेला आणि कपाटात गेला. तिथेही ज्या शाळांनी मनावर घेतलं त्यांचे निकाल इतरांपेक्षा बरे होते.

आपल्याकडे परिपत्रकाचा प्रवास ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. एक दिवस फेरी निघते, घोषवाक्यांचे फलक होतात, प्रार्थनेच्या वेळी पाहुण्यांचं भाषण होतं, फोटो समूहावर पडतात आणि अहवाल वर जातो. त्या भाषणाने कुणाचं वाईट होत नाही. पण छळ हा पुन्हापुन्हा होणारा प्रकार असल्याने त्याच्यावरचा उपायही पुन्हापुन्हाच व्हावा लागतो.

पंधरा दिवसांनी परत बोलावणं

फिनलंडने हीच गोष्ट व्यवस्थेत बसवली. साल्मिवाल्ली यांच्या गटाने सरकारच्या पैशातून ‘किवा’ नावाचा कार्यक्रम तयार केला, २००७ ते २००९ या काळात २३४ शाळांत त्याची काटेकोर चाचणी झाली आणि २००९ पासून तो देशभर गेला. चाचणीत छळ करणं आणि सोसणं दोन्ही घटलं. प्राथमिक वर्गांत जास्त, वरच्या वर्गांत कमी. त्यात वर्षभर चालणारे वर्गपाठ आहेत, संगणकावरचे खेळ आहेत, सुट्टीत मैदानावर असणारे शिक्षक लांबूनही दिसावेत म्हणून त्यांच्यासाठी भडक रंगाची जाकिटंही आहेत, म्हणजे मुलाला कुणाकडे जायचं ते शोधावं लागत नाही. पण प्रत्यक्ष प्रकरण समोर आल्यावर काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे.

प्रत्येक शाळेत दोनतीन मोठ्या माणसांचं एक पथक आधीच ठरलेलं असतं. प्रकरण कळलं की पथकातले दोघं प्रथम सोसणाऱ्या मुलाशी निवांत बोलतात: काय होतं, कुठे होतं, कोण असतं, किती दिवस चाललंय. मग त्रास देणाऱ्यांना एकेकट्याला, लागोपाठ, आपसांत बोलायला सवड न देता बोलावलं जातं. तिथे न्यायालय भरवत नाहीत. तू उद्यापासून नेमकं काय करणार, हे प्रत्येकाकडून वदवून घेऊन लिहून ठेवलं जातं. त्यानंतर सगळ्यांना एकत्र बसवून तेच पुन्हा मांडतात. दरम्यान वर्गशिक्षक त्या वर्गातल्या दोनचार वजनदार आणि मनाने चांगल्या मुलांना बाजूला घेऊन सांगतात की याला जरा सोबत द्या. आणि साधारण एकदोन आठवड्यांनी, ठरलेल्या तारखेला, सोसणाऱ्या मुलाला परत बोलावून विचारलं जातं: थांबलं का? मग त्रास देणाऱ्यांनाही परत बोलावतात आणि त्यांनी लिहून दिलेलं त्यांच्यापुढे ठेवतात. थांबलं नसेल तर फेरा पुन्हा सुरू होतो.

या बोलण्याचा सूर कसा असावा यावर बराच वाद झाला आहे. काहींचं म्हणणं, त्रास देणाऱ्याला स्पष्ट सांगा की हे आम्हाला माहीत आहे आणि ते आजपासून बंद. दुसऱ्यांचं म्हणणं, दोष न देता ‘तो हल्ली फार खचलेला दिसतो, त्याच्यासाठी काय करता येईल?’ अशी सुरुवात करा. फिनलंडमधल्या शाळांत दोन्ही रीती वापरून तुलना केली गेली. एकंदरीत दोन्हींचे निकाल सारखेच आले आणि बहुसंख्य प्रकरणांत त्रास थांबला किंवा कमी झाला. मला यातून असं वाटतं की सुरापेक्षा फेरा महत्त्वाचा. आज कडक बोललेले सर उद्या विसरून जाणार हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. पंधरा दिवसांनी परत बोलावणारे सर वेगळे.

नालंदा जिल्ह्यातली पेटी

इथे हटकून येणारा आक्षेप असा, की हे सगळं वर्गात वीस मुलं असणाऱ्या श्रीमंत देशांचं कौतुक आहे. साठ मुलांच्या वर्गात, गळक्या छपराखाली हे कोण करणार? या आक्षेपाचं उत्तर बिहारमध्ये मिळतं, आणि ते उत्तर शोधणारी संस्था आपल्या शेजारची आहे. गोव्यातल्या ‘संगाथ’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने बिहार सरकारच्या साहाय्याने नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा कार्यक्रम राबवला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ७५ शाळा घेऊन त्यांचे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखे तीन गट केले. एका गटात हे काम त्या शाळेतल्याच एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन सोपवलं. दुसऱ्या गटात ‘सेहेर मित्र’ नेमला, म्हणजे मानसशास्त्राची पदवी नसलेला, पण प्रशिक्षण घेतलेला आणि हेच काम करणारा माणूस. तिसऱ्या गटात नेहमीचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम तेवढा चालू राहिला.

काम तसं साधंच होतं. प्रार्थनेच्या वेळी मुलांशी बोलणं, भित्तिपत्रक, मुलं-शिक्षक-पालक यांची समिती, मुलांचे गट, ज्याला गरज असेल त्याच्याशी एकट्याने बोलणं. आणि एक पेटी. मुलांनी आपली अडचण चिठ्ठीवर लिहून टाकायची, नाव घालायचं की नाही ते आपल्या मनावर. ती पेटी उघडली जायची, चिठ्ठ्या वाचल्या जायच्या आणि त्यांतले विषय कुणाचंही नाव न घेता सगळ्यांसमोर मांडले जायचे. आपण टाकलेली चिठ्ठी कुणीतरी वाचली, हे मुलाला चार दिवसांत कळतं. मग तो दुसरी टाकतो.

निकाल असा, की जिथे ‘मित्र’ होता तिथे नववीतल्या मुलांमधला छळ, मारामारी आणि नैराश्य लक्षणीयरीत्या घटलं आणि शाळा आपली वाटू लागल्याचं मुलांनी सांगितलं. दोन शैक्षणिक वर्षांनंतर पुन्हा पाहिलं तेव्हा तो फरक टिकून होता, नव्हे वाढलेला होता. जिथे तेच काम शिक्षकाकडे दिलं होतं, तिथे मात्र काहीच फरक पडला नाही. साहित्य तेच, प्रशिक्षण तेच, पेटीही तीच.

शिक्षक नालायक आहेत असा याचा अर्थ काढणं चुकीचं ठरेल. गणित शिकवणं, पेपर तपासणं, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, मतदार याद्या, सर्वेक्षणं, एवढं सगळं ज्याच्या डोक्यावर आहे त्याच्याकडे हे आणखी एक काम दिलं की ते सर्वांत शेवटी जातं. त्याचा हिशेब वरून कुणी मागत नाही, हेही त्याला माहीत असतं. शिवाय जो माणूस गुण देतो, त्याच्यापुढे मूल मन मोकळं करताना बिचकतं. बर्गन आणि रोगालँडने जे तीसेक वर्षं आधी दाखवलं होतं, तेच नालंदात आणखी स्वच्छ दिसलं: काम कुणाचं, हे ठरलेलं असेल तरच ते होतं.

शिक्षा, कॅमेरा आणि ‘तूही दोन ठेवून दे’

घरोघरी दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘रडत काय येतोस, तूही दोन ठेवून दे’. त्यामागे प्रेमच असतं, आणि कधीकधी तो लागूही पडतो, दोघांचं बळ सारखं असेल तेव्हा. पण बळ सारखं नसणं हीच तर छळाची खूण. सहाजणांसमोर एकट्याने हात उचलला की त्याला दुप्पट मार बसतो, आणि नंतर ऑफिसात उभं केल्यावर ‘यानेही मारलं’ म्हणून दोघांना सारखी शिक्षा होते.

दुसरा युक्तिवाद असा, की पोरं अशीच असतात, यातूनच ती टणक होतात. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला आहे. त्यांतल्या ७,७७१ जणांची माहिती लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये तपासली. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांना सोबत्यांनी छळलं होतं, ती माणसं पन्नाशीतही इतरांपेक्षा जास्त उदास, प्रकृतीने कमकुवत आणि माणसांपासून तुटलेली होती. घरची गरिबी, बुद्ध्यांक यांचा हिशेब धरूनही फरक उरत होताच. याला टणक होणं म्हणता येणार नाही.

कडक शिक्षेची मागणी समजण्यासारखी आहे. ज्याच्या मुलाने जेवण सोडलंय, त्या बापाला दुसरं काय सुचणार? पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि ते योग्यच आहे. काढलेलं मूल दुसऱ्या शाळेच्या मैदानावर उभं राहतं. अमेरिकेत ‘अजिबात खपवून घेणार नाही’ या धोरणाखाली वर्षानुवर्षं निलंबनं झाली. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने नेमलेल्या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत म्हटलं, की त्याने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळत नाही. शिक्षा इतकी मोठी असली की मुलं सांगायचंच बंद करतात, हे तर कुठल्याही वर्गशिक्षकाला ठाऊक आहे. याचा अर्थ ठामपणा नको असा मात्र नाही. मारिया टॉफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी जगभरातल्या ४४ कार्यक्रमांचं मूल्यमापन २०११ मध्ये एकत्र तपासलं तेव्हा छळ सरासरी पाचवा हिस्सा घटलेला दिसला. ज्या कार्यक्रमांत सुट्टीच्या वेळी मैदानावर नीट देखरेख, पालकांच्या बैठका आणि ठाम शिस्त होती, ते जास्त यशस्वी होते.

याच तपासणीत माझ्या म्हणण्याला छेद देणारीही एक गोष्ट आहे, ती टाळून पुढे जाता येणार नाही. मुलांनाच मध्यस्थ किंवा सल्लागार केलेल्या कार्यक्रमांत त्रास सोसणाऱ्यांचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं. मग बघणाऱ्या मुलांवर भिस्त कशी ठेवायची? मला वाटतं, इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छळणारा आणि छळलेला यांना समोरासमोर बसवून एका तेरा वर्षांच्या मुलीने तडजोड घडवावी, हे तिच्यावर लादलेलं ओझं आहे आणि तिथे बलवानाचंच चालणार. हसणं-न हसणं बदलणं निराळं. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये ५६ शाळांतल्या २४,१९१ मुलांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बेट्सी लेव्ही पॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यस्थ नेमलेच नाहीत. तुम्ही कुणाकुणाबरोबर वेळ घालवता, असं मुलांनाच विचारून घेतलं आणि निम्म्या शाळांत चिठ्ठ्या टाकल्यासारखा एकेक छोटा गट निवडला. त्या गटाने आपल्या शाळेत काय खटकतं ते ठरवायचं, फलक लावायचे, कुणी चांगलं वागताना दिसलं की त्याला नारिंगी रंगाचा पट्टा हातात घालायला द्यायचा. शाळेच्या दप्तरात नोंदवली जाणारी मुलांमधली भांडणं तिथे बाकीच्या शाळांच्या तुलनेत वर्षभरात ३० टक्क्यांनी घटली, आणि गटात ज्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं अशी मुलं जास्त होती तिथे परिणाम जास्त झाला. आपण मॉनिटर नेमतो तो बहुधा पहिल्या बाकावरचा हुशार, आज्ञाधारक मुलगा. फळ्यावर नावं लिहिण्याचं काम तो करील. त्याच्याकडे बघून मागचे बाक हसायचे थांबतील का, हा प्रश्न नेमणाऱ्याने स्वतःला विचारावा.

कॅमेऱ्यांबद्दलही बोलायला हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचारानंतर महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षेसाठीची ‘सखी सावित्री’ समिती यांविषयी शासन निर्णय काढला. मोठ्या माणसांकडून होणारे गुन्हे रोखण्यासाठी त्याची गरज होतीच. पण मुलीला वर्गाने वाळीत टाकलंय हे कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि जे दिसतं ते रोज बसून बघणारं कुणी नसतं. मोबाइलमुळे सगळं बिघडलं, हेही अर्धंच खरं. इंग्लंडमधल्या एक लाख वीस हजारांहून जास्त पंधरावर्षीयांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत फक्त ऑनलाइन छळ सोसणारी मुलं एक टक्क्याहूनही कमी निघाली. ज्यांना मोबाइलवर त्रास होता, त्यांतल्या बहुतेकांना तो शाळेतही होत होता. व्हॉट्सॲपच्या समूहातून काढलेली मुलगी आधी डब्याच्या घोळक्यातून काढलेली असते.

आपल्याकडे काय आहे

कायदे नाहीत असं नाही. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड सांगतो; तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी असं बंधन घालतो आणि टाळाटाळ करणाऱ्या प्रमुखालाच जबाबदार धरतो. तो मुख्यतः महाविद्यालयं आणि वसतिगृहं डोळ्यांपुढे ठेवून झाला, आणि सहावीतल्या पोराच्या बाबतीत कैदेची भाषा निरुपयोगी आहे. शिवाय त्यात चौकशीची मुदत आहे. चौकशीनंतर महिनाभराने त्या मुलाला कुणी विचारायचं, ते नाही. ‘१०९८’ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाला. तो प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर हवाच. पण फोनवरचा माणूस मधल्या सुट्टीत मैदानावर येणार नाही.

नवी आणि कामाची गोष्ट आहे ती सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२५ च्या निकालातली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असं न्यायालयाने सांगितलं आहे. एवढे पात्र लोक आणायचे कुठून, असं लगेच विचारलं जाईल. नालंदाच्या शाळांनी दाखवून दिलंय की डोक्यावर जाणता माणूस आणि पाठीशी प्रशिक्षण असेल, तर गावातला पदवीधर मुलगा किंवा मुलगी हे काम करू शकते. अट एकच, त्या व्यक्तीला रिकामा तास दिसला म्हणून वर्गावर पाठवायचं नाही आणि शिपाई आला नाही म्हणून पत्रं टाइप करायला बसवायचं नाही. आश्रमशाळा आणि वसतिगृहांना तर ही व्यक्ती सर्वांत आधी मिळायला हवी. तिथे पाच वाजता घरी जाता येत नाही. त्रास देणारा रात्री शेजारच्याच गादीवर झोपतो.

मात्र माणूस नेमूनही शिक्षकांना यातून सुटका नाही, कारण कुणाला हसायचं याचा इशारा पुष्कळदा टेबलामागून येतो. ‘ढ’, ‘म्हशी’, ‘झोपडपट्टी’ हे शब्द वर्गात मोठ्या माणसाच्या तोंडून एकदा आले की मधल्या सुट्टीत त्यांचं टोपणनाव होतं. शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना प्रवर्ग पुकारून मुलांना उभं केलं, की कोण कुठल्या जातीचं हे सगळ्या वर्गाला शाळेनेच सांगितलेलं असतं. नंतर ‘मुलं जातीवरून चिडवतात’ म्हणून आश्चर्य व्यक्त करायला जागा राहत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. मुलांना न हसायला शिकवण्याआधी हे कलम स्टाफरूममध्ये वाचलं जायला हवं. अर्ज लिफाफ्यात घालून देणं, गुण पुकारण्याऐवजी वहीवर लिहून देणं, याला पैसेही लागत नाहीत.

आणि पालकांनी काय करावं? शाळेत गेल्यावर ‘त्याला काय शिक्षा केली?’ हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी विचारावं: हे प्रकरण कोण बघणार, त्यांचं नाव काय, माझ्या मुलाशी ते पुन्हा कधी बोलणार, तारीख सांगा. त्या तारखेनंतर दुसऱ्या दिवशी शाळेत फोन करावा. ज्यांच्या मुलाने त्रास दिला, त्यांना बोलावणं आलं तर ‘आमचा बाळ असं करणारच नाही’ म्हणण्याऐवजी हेच प्रश्न त्यांनीही विचारावेत. पालक-शिक्षक संघाच्या सभेत गणवेशाच्या कापडावर तासभर चर्चा होते. मधल्या सुट्टीत मैदानावर, नळाजवळ, स्वच्छतागृहाबाहेर आणि सुटल्यावर व्हॅनच्या रांगेत कोण उभं असतं, याची पाळी लावून घ्यायला दहा मिनिटं पुरतात.

उरलेलं मूल

एक गोष्ट यशस्वी शाळांनाही त्रास देते. फिनलंड आणि इतर काही ठिकाणी असं दिसलं, की ज्या वर्गांत छळ बराच कमी झाला, तिथे अजूनही सोसणाऱ्या एखाददुसऱ्या मुलाची अवस्था पूर्वीपेक्षा वाईट होते. जोवर पाचजणांना त्रास होत असतो, तोवर त्यांना एकमेकांची सोबत असते आणि दोष मारणाऱ्यांचा आहे हे उघड असतं. बाकीचे चारजण सुटले की पाचव्याला वाटू लागतं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. भोवतालचेही मग तसंच बोलू लागतात, की सगळ्यांचं जमतं, याचंच का जमत नाही?

त्यामुळे ‘आमच्या शाळेत तक्रारी सत्तर टक्के कमी झाल्या’ असा फलक लावणाऱ्या शाळेचं काम तिथे संपत नाही. उरलेल्या मुलाची बसायची जागा कुठे आहे, त्याचा डबा कुणाबरोबर होतो, सहलीच्या बसमध्ये शेजारी कोण असतं, खेळाच्या तासाला संघ निवडताना तो शेवटपर्यंत उभा राहतो का, हे वर्गशिक्षकाने बघायचं. संघ मुलांनी निवडण्याऐवजी हजेरीच्या क्रमाने पाडायचे, प्रकल्पाच्या जोड्या आपण लावायच्या, आणि त्या लावताना वर्गातल्या एखाद्या आवडत्या मुलाला त्याच्याबरोबर महिनाभर ठेवायचं. समुपदेशकाने आपल्या वहीत त्या मुलाच्या नावापुढे पुढची तारीख घालायची, मग पुढची, आणि दहावीच्या निरोप समारंभापर्यंत ती यादी बंद करायची नाही.